पोच

सत्ता उन्मत्त झाली की सामान्य माणूस असहाय होतो, असे आपण फार सहज म्हणतो. परंतु तालुक्याच्या कचेरीत, जमिनीच्या ज्या फेरफाराची नोंद आपल्या नकळत झाली त्याची नक्कल मागण्यासाठी, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट डकवलेला अर्ज घेऊन एखादी वृद्धा उभी राहते आणि आवक-शिक्का उमटलेली पोच हाती पडेपर्यंत खिडकीपासून हलत नाही, तेव्हा 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये त्या दप्तरावर 30 दिवसांत उत्तर देण्याचे बंधन पडलेले असते. हा हक्क कोणी दान दिलेला नाही; त्यासाठी 1996 साली राजस्थानातील ब्यावर येथे कष्टकऱ्यांनी 40 दिवस धरणे धरले होते. पदरात गाठ मारून ठेवलेली त्या वृद्धेची ती पोच मला अत्यंत निर्भय वाटते. श्रोतेहो, अर्ज द्याल तेव्हा पोच अवश्य मागून घ्या.