बाण कोरलेलं घड्याळ

माझ्या संग्रहातल्या डायव्हर घड्याळाच्या पाठीवर तीन रेघांचा बाण कोरलाय. सोबत 0552, काही आकडे, शेवटी 90. बाण ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण, 0552 म्हणजे नौदल, 90 म्हणजे साल. सीडब्ल्यूसी कंपनीनं डायव्हरांसाठी बनवलेलं हे क्वार्ट्झ घड्याळ. पट्ट्याच्या दांड्या केसलाच पक्क्या जोडलेल्या, पिन निसटून घड्याळ तळाला जाऊ नये म्हणून. तासांच्या खुणांवरच्या ट्रिटियमचं तेज सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. याचं केव्हाच विझलंय. नवा रंग मी भरू देत नाही.

नोकरीत मी स्टोअर सांभाळलं. इश्यू केलेली वस्तू वापरणाऱ्याची नसते, हे तिथं अंगात मुरलं. ज्यानं या काट्यांवर जीव सोपवून खोल पाण्यात उडी घेतली, त्यानं सही करून ते घेतलं नि परत केलं. पाण्याखाली कधीच न गेलेला मी मात्र मालक! पैसे मोजले, एवढं उत्तर मला पुरत नाही. अपरिग्रह मानणारे म्हणतात, विकून टाका. पण विकल्यानं मालक बदलतो, प्रश्न तसाच राहतो.

नाशिककरांना हा प्रश्न नवा नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे त्यानं 2000 कार्षापण नाणी कायमची ठेवली, महिना शेकडा एक व्याजानं. वर्षाचे 240 झाले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशोब चोख, मुद्दलाला हात नाही. म्हणजे चीवरही इश्यूचंच. विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमानुसार जास्तीचं चीवर दहा दिवसांपलीकडे ठेवता येत नाही.

त्याच विनयातला एक नियम मला सगळ्यांत मोठा वाटतो. भिक्षू वारला की त्याचं पात्र आणि चीवर संघाचं होतं. पण संघानं ते द्यायचं कुणाला, तर आजारपणात ज्यानं शुश्रूषा केली त्याला. ज्याला हवंय त्याला नव्हे. हक्क सेवेतून येतो, हे इतकं सरळ मला दुसरीकडे सापडलं नाही.

नाशिकच्या भद्रकालीतला एक कारागीर या घड्याळाचा सेल बदलतो, गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावतो, झाकण मिटण्याआधी केसाएवढी धूळही भिंगातून शोधतो. घड्याळ माझ्यामागे त्याच्याकडे जावं, असं मी मृत्युपत्रात लिहिलंय. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ''बाबा, त्यांना आत्ताच सांगा ना.''