तेरावा डोनट

रमजानात असरच्या नमाजनंतर मुंब्र्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या बेकरीपुढे पाय ठेवायला जागा नसते. परवा आम्ही तिथून डझनभर डोनट घेतले. घरी दस्तरखानावर मांडताना मोजले, तर तेरा!

अकरा निघाले असते तर? इफ्तार तोंडावर असूनही आम्ही तडक परतलो असतो, चार माणसांत जाब विचारला असता. तेराव्याला मात्र ‘बरकत’ म्हणून मोकळे झालो.

कुरआनातील ८३वी सूरह, ‘अल-मुतफ्फिफीन’, मापात पाप करणाऱ्यांविषयी आहे. वर्गात ती समजावताना आमचे बोट नेहमी दुकानदाराकडे. पण तिथे आधी घेण्याचीच गोष्ट येते: स्वतः घेताना पुरेपूर, दुसऱ्याला देताना कमी. म्हणजे गिऱ्हाईकही सुटत नाही.

इंग्लंडात पूर्वी बेकरीवाले वजनात कसूर निघून शिक्षा होईल या धास्तीने डझनाला तेरा नग देत, असे सांगतात. आमचा काउंटरवरचा पोरगा तसा नव्हता. रोजा, गर्दी, घाई, चुकला बिचारा.

तरावीहनंतर आम्ही पैसे घेऊन गेलो. ते पुढे करताच शेठ पोरावर खेकसले, “गिनती नहीं आती क्या?”

पोरगा आमच्याकडे पाहत राहिला. पैसे हळूच त्याच्याच हातात द्यायला हवे होते का? पण माल तर शेठचा होता.