पूजलेली गाडी आणि निसटलेला गिअर

मोटरसायकलच्या गिअरपेटीतली चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात. लिव्हर दाबल्यावर जुळतात ते चाकांच्या बाजूचे खुंटे आणि समोरच्या खाचा. पाय अर्ध्यावरच सैल पडला, तर खुंटे खाचेत बसत नाहीत आणि इंजिन मोकळे गरगरते. नांदेड-लातूर महामार्गावर ट्रकला ओलांडताना असे झाले, तर गाडी ऐन वेळी बळ गमावते.

दसऱ्याला मराठवाड्यात घरोघरी गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतात. ही पूजा रक्षण करते का? उत्तरासाठी नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास तिथल्या तख्त स्नान या सोहळ्यात गोदावरीच्या पाण्याने पवित्र शस्त्रे स्वच्छ केली जातात. तिथे शस्त्राची निगा हीच सेवा मानली जाते. गाडीच्या पूजेलाही हाच अर्थ शोभतो. क्लचच्या केबलला योग्य तेवढी ढील ठेवणे, तिचे तंतू तुटू लागले की ती बदलणे, इंजिन ऑइल वेळेवर बदलणे, एवढे झाल्याशिवाय हार अपुराच.

उरतो चालवणारा. चंचल मनासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. थ्रॉटल सोडून क्लच पूर्ण दाबणे, लिव्हर शेवटपर्यंत ठामपणे नेणे आणि क्लच सुटेपर्यंत पाय तिथेच ठेवणे, हा अभ्यास. घाई सोडणे हे वैराग्य, आणि खरे अवघड तेच. तरीही गिअर निसटलाच, तर लिव्हरवर पाय आपटत राहू नये. क्लच पुन्हा दाबून वेगाला जुळेल तो गिअर घालावा.