संयम आणि हक्क : सोपाऱ्याच्या लेखांतील प्राणिविचार

प्राण्यांविषयीच्या नीतिविचाराची चर्चा बहुधा पीटर सिंगर (१९७५) आणि टॉम रेगन (१९८३) यांच्या ग्रंथांपासून सुरू होते. बेंथॅमला अनुसरून सिंगर वेदनाक्षमतेला, तर रेगन प्राण्याच्या अंगभूत मूल्याला प्रमाण मानतात. हा भेद मूलगामी असला, तरी दोघांचाही आरंभबिंदू प्राणी हाच आहे. वसई-विरार परिसरातील सोपाऱ्याला सापडलेले अशोकाचे शिलालेख मात्र निराळ्या ठिकाणाहून आरंभ करतात.

यांपैकी आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये सापडला. दोन्ही खंडित असल्यामुळे पूर्ण संहितेसाठी गिरनार आदी ठिकाणच्या पाठांचा आधार घ्यावा लागतो. पूर्वीच्या राजांच्या मृगयेसह होणाऱ्या विहारयात्रांची जागा धर्मयात्रेने घेतली, असे आठवा लेख सांगतो. हरणाच्या वेदनेचा तेथे उल्लेख नाही. राजाचे सुख कशात असावे, हा तेथील प्रश्न आहे. नवव्या लेखात प्राण्यांविषयीचा संयम हे खऱ्या मंगलाचे एक अंग ठरते.

संयमाची नीती कर्त्याकडे पाहते, म्हणूनच ती सत्तेचा विचार करू शकते. करमणुकीसाठी शिकार करणारा राजा आणि पोटासाठी वसईच्या किनाऱ्यावर जाळे टाकणारा कोळी यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण तिला पडत नाही. केवळ माशाच्या वेदनेपासून निघालेल्या विचाराला हा भेद नंतर, बाहेरून आणावा लागतो.

परंतु याच नीतीची मर्यादाही नवव्या लेखात दिसते. तेथे प्राण्यांविषयीचा संयम आणि दास-सेवकांशी सद्वर्तन एकाच यादीत येतात. दासाशी नीट वागावे, असे सांगताना दास्य गृहीतच धरलेले असते. गिरनारच्या पहिल्या लेखात राजाच्या मुदपाकखान्यासाठी अजून दोन मोर आणि एक हरीण मारले जात असल्याची प्रांजळ कबुली आहे. पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे अभिवचनही आहे. मात्र या अभिवचनाचा हमीदार राजाच आहे. त्याने ते मोडले, तर मोराच्या बाजूने बोलण्यास आधार कोणता?

हक्काची संकल्पना येथे आवश्यक ठरते. दासाच्या बाबतीत धन्याचे औदार्य पुरेसे नाही, हे आज सर्वमान्य आहे. प्राण्याच्या बाबतीत ते पुरेसे का मानावे, याचे उत्तर केवळ संयमाच्या परिभाषेत देता येत नाही. मात्र त्या हक्काचा भार प्रथम कोणी उचलावा, राजाने की कोळ्याने, हे ठरविताना सोपाऱ्याच्या लेखांकडे पुन्हा वळावे लागते.