थोमाला प्रभूने हाकलले नाही

शास्त्रभाग : योहान २०:२४-२९



जानेवारी २०२१ मधील गोष्ट. पाळी येथे एका घरी प्रार्थनासभा आटोपल्यावर एक परिचारिका भगिनी मागे थांबली. डिचोली तालुक्यातील खाणींच्या गावांतून लहान मुलांना लस टोचण्यात तिची कित्येक वर्षे गेली होती. १६ जानेवारीस देशभर कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला होता आणि पहिली पाळी आरोग्यसेवकांची होती. ती म्हणाली, "भाऊ, यादीत माझे नाव आले आहे, पण मला भय वाटते. इतक्या लवकर तयार झालेली लस! आणि मीच भ्याले, तर उद्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

मी चटकन म्हणालो, "ताई, विश्वास ठेवा. विश्वासणाऱ्याने भिऊ नये."

ती गप्प झाली. पुढचे दोन रविवार ती उपासनेस आली नाही. तेव्हा मला उमजले, मी तिला उत्तर दिले नव्हते. मी दार लावून घेतले होते.

आता थोमाकडे पाहा. पुनरुत्थानाची वार्ता ऐकून तो म्हणाला की, खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून मी मानणार नाही. त्याला इतर शिष्यांनी वाळीत टाकले काय? नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्याच घरात, त्यांच्यामध्ये होता. आणि प्रभूने काय केले? थोमाला जे पाहायचे होते, तेच त्याच्यापुढे धरले. नंतर संशय सोडण्याची आज्ञा दिली. आधी व्रण दाखविले, मग आज्ञा केली. हा क्रम आपण विसरतो.

त्या भगिनीचे भय एकटीचे नव्हते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया इस्पितळातील निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड मागितली. कारण कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष तेव्हा यावयाचे होते. ते प्रथम ३ मार्च २०२१ रोजी जाहीर झाले. असा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. मात्र लसीने वांझपण येते, ही निव्वळ अफवा होती. प्रश्नाला उत्तर मागता येते. अफवा उत्तर ऐकावयास थांबतच नाही.

मग भय जाते कसे? उत्तम मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो, असे प्रभू म्हणाला. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, तो त्यांनी सोसला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली.

आमच्या भगिनीच्या बाबतीतही असेच घडले. तिच्या वरिष्ठ डॉक्टरबाईंनी तिला जवळ बसवून सांगितले, "एक-दोन दिवस ताप येईल, हात दुखेल. लस घेऊनही आजार होऊ शकतो. पण तो जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. पुढे काय आढळेल, ते सगळे मला आज ठाऊक नाही." एवढे बोलून त्यांनी आधी आपली बाही वर केली. डॉक्टरबाईंचे बोलणे प्रामाणिक होते. कोव्हिशील्डने क्वचित एखाद्याच्या रक्तात गुठळ्या होतात, हे नंतर उघड झालेच. आणि त्याच लसीने असंख्य जीव वाचले, हेही.

भगिनीने लस घेतली. एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, तेव्हा ती दारोदार फिरून सांगत होती, "मीही भ्याले होते." हे शब्द लोक ऐकत. "भिऊ नका," हे माझे शब्द कोणी ऐकले असते?

प्रियांनो, थोमाच्या तोंडून शेवटी जी कबुली निघाली, तिच्याहून मोठी कबुली शुभवर्तमानात विरळाच. ज्याचा प्रश्न ऐकून घेतला जातो, तोच पुढे साक्षी होतो. आपल्या मंडळीत कोणी भीत भीत काही विचारील, तेव्हा त्याला वचन फेकून मारू नका. त्याच्याजवळ बसा. ठाऊक असेल ते सांगा, ठाऊक नसेल ते कबूल करा आणि जेथे पाऊल टाकावयाचे तेथे आधी आपण टाका.

मी त्या भगिनीची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "भाऊ, तुम्ही लस घेतली ना?" तोवर माझ्या वयाची पाळी आली होती. दुसऱ्याच दिवशी सांखळीस जाऊन मी रांगेत उभा राहिलो. खरे सांगतो, मलाही भय वाटत होते.

प्रभू आम्हांस ऐकणारे कान आणि पुढे जाणारे पाऊल देवो. आमेन.