छातीचा दोष कीं धुळीचा?

पनवेलच्या परिसरांत डोंगर फोडून खडी करण्याचा धंदा बरीच वर्षें चालत आला आहे. त्या वाटेनें जातांना आपण क्षणभर नाकाशीं रुमाल धरतों व पुढें जातों. मजूर मात्र दिवसभर तीच हवा ओढीत असतो. एकाच धुळींत राबणाऱ्या दोघांपैकीं एकाला धाप लागते, दुसरा ठणठणीत राहतो. कारण विचारलें, तर उत्तर मिळतें, "त्याची छातीच मुळांत कच्ची!"

हें उत्तर केवळ मुकादमाचें, असें मात्र कोणीं समजूं नये. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञानें १९३८ सालीं, कुंभारकामाच्या कारखान्यांतील श्वासविकाराचा विचार करतांना, ज्यांचा जन्मतःच त्या विकाराकडे कल असेल त्यांना धंद्यांत शिरूंच न देण्याची शक्यता बोलून दाखविली होती. पुढें १९९३ सालीं या तर्काला बेरिलियमच्या बाबतींत प्रत्यक्ष आधार मिळाला. हा हलका धातु अणुशास्त्राला फार उपयोगी. पनवेलपासून जवळच, वाशीला, भाभा अणुसंशोधन केंद्रानें त्याच्यासाठीं कारखाना उभारला. त्याच्या धुळीनें कांहीं जणांच्या फुप्फुसांत चिवट दाह सुरू होतो. तपासलेल्या अशा रोग्यांपैकीं ९७ टक्क्यांच्या ठायीं एक विशिष्ट आनुवंशिक खूण सांपडली. परंतु त्याच धुळींत काम करूनहि निरोगी राहिलेल्यांपैकीं ३० टक्क्यांतहि ती होतीच! म्हणजे ही खूण पाहून माणसें दारावरून परतवावयाचीं, तर त्यांत बहुतेक अशींच असणार, कीं ज्यांना हा रोग कधींच झाला नसता.

शिवाय बेरिलियमची धूळ नसेल, तर नुसत्या खुणेनें हा रोग होऊंच शकत नाहीं. खूण आईबापांकडून येते, धूळ मालकाच्या यंत्रांतून. आणि कमी करतां येते ती धूळच. अमेरिकेंत कामाच्या जागीं हवेंतील बेरिलियमची मर्यादा कित्येक दशकें घनमीटरला २ मायक्रोग्रॅम होती. २०१७ सालीं ठरलेल्या नियमानें ती ०.२ वर आली.

मग परीक्षा करूंच नये काय? तसेंहि मला म्हणवत नाहीं. धोका ज्याच्या छातीला, त्याच्यापासूनच तो लपविणें ही फसवणूक होय. माझा मुलगा अशा नोकरीवर निघता, तर मीं त्याची परीक्षा करविली असती आणि निकाल त्याच्या हातीं दिला असता, मालकाच्या नव्हे. अर्थात् माझ्या मुलाला दुसरी नोकरी मिळाली असती, हेंहि कबूल केलें पाहिजे. उद्यां खडी फोडणाराच्या हातीं असाच एखादा कागद ठेवला, तर तो काय करील? घरीं चार खाणारीं तोंडें असतांना तो त्याची घडी घालून खिशांत ठेवील, आणि सकाळीं पुन्हां कामावर हजर होईल.