एकटा माणूस आणि अनेकवचन

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सर्वांत आधी छळतो तो 'यू आर'चा नियम. 'ही इज' म्हणावे. पण समोर एकच माणूस असला, तरी 'यू इज' म्हणू नये, 'यू आर' म्हणावे. गोंडपिपरीसारख्या गावात इंग्रजी शिकविणाऱ्याला दरसाल एक प्रश्न ऐकावा लागतो : "समोर तर एकच हाये ना जी, मंग 'आर' काऊन?" नियमच तसा आहे, हे उत्तर सोपे खरे, पण या नियमाच्या पोटात माणुसकीचा एक जुना प्रश्न दडून बसला आहे.

'यू' हे मुळात अनेकवचन. एकाला 'दाउ' म्हणत. पुढे थोर माणसाला, तो एकटा असला तरी, 'यू' म्हणण्याची रीत पडली. आपण गुरुजींना 'तुम्ही आहात' म्हणतो, तशीच. वर्धा नदीपलीकडच्या तेलुगूतही 'नुव्वु' आणि 'मीरु' असा हाच भेद आहे. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर पंथाने हट्ट धरला, की देवापुढे सारे सारखे. तेव्हा धनिकालाही 'दाउ'च म्हणावे. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. भाषेने मात्र उलटी वाट धरली. 'दाउ' प्रार्थनेपुरते आणि काही बोलींपुरते उरले. राजापासून हमालापर्यंत सारे 'यू' झाले.

मग इंग्रजीने समता आणली, असे म्हणावे काय? तसे म्हणवत नाही. 1947 पूर्वी इथला गोरा साहेब संस्थानिकालाही 'यू' म्हणे नि पट्टेवाल्यालाही. दोघांची पायरी त्याच्या आवाजावरून कळे. व्याकरणाने सर्वांना एका पंगतीत बसविले, मनाने नव्हे.

मराठीने ही निवड आपल्यावरच सोपविली आहे. 'तू' वाईट, असे मुळीच नाही. आई 'तू', विठ्ठल 'तू', जिवलग मित्रही 'तू'. मग ते अपमानाचे केव्हा होते? मला वाटते, खूण एकच : ते परत करता येते की नाही. मित्राचे 'तू' आपण त्याला परत देतो. लेकराला म्हटलेल्या 'तू'मागे निदान वयाचा अधिकार असतो. पण दिवाळीच्या बाजारात रानाकडच्या गावाहून शिंदीचे फडे घेऊन सत्तरीची बाई येते. विशीतले गिऱ्हाईक विचारते, "केवढ्याला देतेस?" ती म्हणते, "घ्या ना बाबू, तुमीच सांगा." इथे वयही उलटे आणि 'तू'ही बिनपरतीचे.

तोच फडा मग लक्ष्मी म्हणून पाटावर बसतो. त्याला हळदकुंकू वाहतात, हात जोडतात. तो बांधणारे हात मात्र एकवचनातच राहतात. 'देता' म्हटल्याने फड्याचा भाव काही वाढत नाही.